डागांवरून

शनिवारी पहाटे चारला मिलब्रुकच्या धुलाईघरात ट्रॉल्या येतात.
साउदॅम्प्टनला रात्रीतून तीन जहाजं लागलेली असतात,
त्यांच्या पोटातली यंत्रं पुरी पडत नाहीत,
म्हणून हजारो माणसांनी तोंडं पुसलेलं कापड
आमच्या पदरी.

मी इचलकरंजीची. अंधारातही बोटांनी सूत ओळखते.
अन्नाचं मात्र इथेच कळलं.
जहाजावर पाऊल न ठेवता
कुठल्या कंपनीचा हात मिठाला आखडता
ते सांगते, विचारा.

कोपऱ्यात सोनेरी नांगर असेल
तर कापड जाड, दुहेरी विणीचं, घडी अजून शाबूत.
ओठांच्या रंगाचा एक ठसा, वाइनचा एखादा थेंब.
सॉसचा डाग वरच्यावर बसलेला,
नखाने खरवडला की पापुद्रा निघतो: पीठ फार.
तिथे माणसं जेवत नाहीत,
जेवणाला भेटून येतात.

निळा बगळा म्हणजे तपकिरी.
सोमवारचा तपकिरी, गुरुवारचा तपकिरी,
वर केचप, आणि कंटाळलेल्या पोरांनी
पेनाने काढलेले शार्क मासे.
हलीना म्हणायची,
एकाच पातेल्यातला आठवडा.

तिसऱ्या कंपनीला चित्र परवडत नसावं,
नुसता लाल धागा.
कापड असं की दहाव्या धुण्याला विरतं.
पण डाग!
लोणी पार आरपार गेलेलं,
लसणात परतलेल्या टोमॅटोचं केशरी तेल,
घडीत खेकड्याच्या नांगीचं टोक, लिंबाची बी,
पावाने ताट निपटताना टेबलक्लॉथवर उतरलेला
अर्धा चंद्र.
दोन पाण्यांत निघत नाहीत मेले.
मी शिव्या घालते,
आणि मला भूक लागते.

हलीना एकोणीस वर्षं माझ्या शेजारच्या टेबलाशी.
जूनमध्ये निवृत्त झाली, मुलगा म्हणाला तिकीट काढतो.
तिने मला विचारलं, कुठलं?
मी म्हटलं, लाल धागा.
नक्की?
डाग खोटं बोलत नाहीत गं.

ठरलं असं की शेवटच्या रात्री
नॅपकिनची दोन टोकं बांधायची:
एक गाठ म्हणजे बरं, दोन म्हणजे झकास.
आमच्यात याला खूणगाठ म्हणतात, मी सांगितलं.
तिला ख जमेना.
कूनगात, म्हणाली, आणि खोकेपर्यंत हसली.

पुढल्या शनिवारी लाल धाग्याच्या अकरा ट्रॉल्या.
मी आणि इफुआ उपसत बसलो,
सुपरवायझर दोनदा डोकावून गेला.
नवव्या ट्रॉलीच्या तळाशी सापडला.
दोन गाठी.
मागावर तुटल्या धाग्याला मारतात तशा,
मीच शिकवलेल्या एका दुपारी, चहाच्या सुट्टीत.

सोडवायला दात लावावे लागले.
उलगडला, तर
पांढराशुभ्र.
उजेडात धरला, उलटा करून पाहिला.
कुठेही काही नाही.

सात रात्री जेवली ही बाई
लोण्यात, लसणात, खेकड्यात,
आणि तोंड पुसलं कशाला?
मनगटाला? पर्समधल्या कागदाला?
सोड्याच्या पाण्यात पहाटे कुणाचे हात असतात
हे एकोणीस वर्षं पाहिलेली ती,
मांडीवर अंथरलेल्या कापडाला
जपून जपून जेवली असणार.

मग निकाल काय धरायचा?
दोन गाठी. डाग शून्य.

नाकाशी नेला. लसणाचा वास आला थोडा,
की तो माझ्याच हातांना होता.

मशीन भरलंय, इफुआ ओरडली.
मी तो नॅपकिन हातानेच सारखा केला,
चौघडी घातली,
आणि धुतलेल्यांच्या ढिगात ठेवून दिला
न धुता.